रिकाम्या पाटावरचा नावाडी

१

रविवार, १२ एप्रिल १९६४. संध्याकाळी सहाची वेळ. कडावपासून पाऊण मैलावर, पेज नदीच्या काठची प्राथमिक शाळा. ओसरीवर आणि अंगणात मिळून ऐंशीच्या आसपास माणसं. त्यांच्यादेखत माझी पत्नी हिरू ओसरीच्या पायऱ्या उतरली, खालच्या उतारावर गेली आणि एका माणसाबरोबर होडीत बसून निघून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पोलिसांच्या दप्तरात ही घटना दोन ओळींत मिटली आहे. सज्ञान स्त्री, स्वखुशीने गेली, तपास बंद. पस्तीस वर्षं मी तालुक्याची बातमीदारी केली. असल्या दोन ओळींखाली काय काय पुरलं जातं हे मला शिकवायला नको. या दोन ओळींसाठी मी तीन फौजदारांशी भांडलो आणि एका मामलेदाराच्या टेबलावर हात आपटला. गावात माझ्यामागे काय बोललं जात होतं तेही मला ठाऊक आहे. बायको पळाली म्हणून म्हातारा कागद काळे करतो, असं. बोलू देत. मी इथे फक्त जे घडलं तेच लिहितो आहे, आणि त्यात माझा स्वतःचा गुन्हाही आहे. तो मी लपवणार नाही.

२

सुरुवात माझ्यापासूनच झाली. कॉलेजात असताना मुंबईच्या फुटपाथवर एक जाड इंग्रजी पुस्तक घेतलं होतं. त्यात प्राचीन ग्रीसमधल्या एका कवयित्रीची दंतकथा होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती मी हिरूला सांगितली. एका बेटावर एक म्हातारा नावाडी असतो. एक देवी म्हातारीचं रूप घेऊन त्याच्या होडीत बसते. तो तिच्याकडून पैसे घेत नाही, म्हणून ती त्याला तेलाची कुपी देते. ते तेल लावल्यावर तो तरुण होतो, इतका देखणा की बायका वेड्या होतात. ती कवयित्रीही वेडी होते. तो तिला टाकून जातो, आणि ती कड्यावरून समुद्रात उडी मारते.

मी हसत सांगितली. हिरू हसली नाही.

ती कडावच्या भातशेतीवाल्या घरातली. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन शिक्षिका झालेली. नदीकाठच्या त्या शाळेत कर्जतहून एस.टी.ने जायची. आधी कधी काही लिहीत नव्हती. त्या वर्षी तिने ती गोष्ट आपल्या पद्धतीने लिहून काढली, आणि पुण्याच्या एका मासिकाने ती छापली. माझ्या सोळा कविता त्याच मासिकाने साभार परत केल्या होत्या. मी तिचं अभिनंदन केलं, पेढे आणले आणि आठवडाभर तिच्याशी धड बोललो नाही.

मग ती तीच गोष्ट पुन्हा लिहू लागली. दरवेळी वेगळी. पहिली धरून आठ वर्षांत सहा वेळा. कवयित्रीचं नाव ती कधी घेत नसे, नुसतं ‘ती’ म्हणे. ‘आज तिचं लिहायचंय,’ म्हणाली की मी जेवण वाढून घ्यायचं.

३

मी तिचे कागद चोरून वाचत असे. बातमीदाराला त्याची लाज वाटत नाही असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो.

पहिल्या लिखाणात नावाड्याला चेहरा नव्हता. दुसऱ्यात तो म्हातारा होता. तिसऱ्यात तो डावखुरा निघाला. चौथ्यात त्याच्या मानेवर उजव्या कानामागे कापल्याची जुनी खूण आली. पाचव्यात तो बोलण्याआधी थोडं हसत होता. कोणाला तरी पाहिल्याशिवाय असलं सुचत नाही. साक्षीदार खोटं बोलतो तेव्हा मोघम बोलतो, खरं बोलतो तेव्हा त्याला असल्या बारीक गोष्टी आठवतात. हा माझा धंद्यातला अनुभव.

सहाव्यात एक वाक्य होतं. ‘ती वेणी घालताना श्वास रोखून धरते, हे फक्त त्यालाच माहीत होतं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करता करता आरशातून हिरूकडे पाहिलं. ती वेणी घालत होती. पेडांवर पेड पडत होते आणि तिची छाती हलत नव्हती. शेवटची गाठ मारून तिने श्वास सोडला. नऊ वर्षं मी त्या खोलीत झोपलो, उठलो, दाढी केली. मला हे ठाऊक नव्हतं.

‘काय बघताय?’ तिने विचारलं.

‘काही नाही.’

गाल कापला होता. साबणात रक्त उतरलं.

त्याच सुमारास घरात करंजाच्या तेलाचा वास यायला लागला. आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल. करंजाचं तेल पूर्वी होड्यांच्या फळ्यांना लावत. मी स्वयंपाकघर, कोनाडे, माळा सगळं हुंगून आलो. वास फक्त ती लिहीत बसे त्या कोपऱ्यात होता. तिच्यासमोर एक पाट ठेवलेला असे. रिकामा.

‘हा कशाला?’

‘लिहिताना समोर कोणी बसलंय असं वाटलं की बरं पडतं.’

तिने पाट उचलला. खाली शहाबादी फरशी ओली होती. पाटाएवढा चौकोन, नीट कडा असलेला. फरशीला ओल सुटते, मी स्वतःला सांगितलं. पण मार्च होता, आणि शेजारची फरशी तापून पाय भाजत होता.

४

सातव्यांदा तिने ती गोष्ट एकटीने वाचून, थोडी करून दाखवण्यासाठी लिहिली. शाळेच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. वाचनालयाचा चिटणीस सखा त्यात फार उत्साही. तिनेच सगळ्या भूमिका वाचायच्या, समोर नावाड्याच्या जागी रिकामा पाट आणि एक वल्हं.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी तिने मला शेवट वाचून दाखवला. शेवटात उडी नव्हती.

‘मूळ गोष्टीत उडी आहे,’ मी म्हणालो.

‘मूळ कुठलं? ती मेल्यावर शेकडो वर्षांनी नाटकवाल्यांनी थट्टेसाठी रचलेलं. तुमच्याच पुस्तकात तळाला बारीक अक्षरात छापलंय. तुम्ही तेवढं वाचलं नाही.’

‘दंतकथा ही दंतकथा. ती बदलायचा तुला काय अधिकार?’

‘तिनं जन्मभर गाणी रचली, पोरींना शिकवलं. लोकांच्या लक्षात काय राहिलं? एक नावाडी. जो नव्हताच. नसलेला माणूस लिहिला आणि त्याच्यासाठी तिला कड्यावरून ढकललं. आणि अधिकार मी दाखवायचा?’

‘मग काढून टाक नावाड्याला. सरळ आहे.’

तिने कागद जुळवले. रागावली की तिच्या तोंडी कडाव यायचं.

‘कवाची काढत्ये. तो जात नाय.’

मी विचारलं, तो कोण. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू हा प्रश्न मी नऊ वर्षं उशिरा विचारला.

‘तुम्हीच आणलात ना त्याला घरी,’ ती म्हणाली आणि दिवा पुसायला घेतला.

५

आता माझा गुन्हा.

तालुक्याच्या वार्ताहराची एक रीत असते, बाहेरच्यांना ती ठाऊक नसते. संध्याकाळच्या कार्यक्रमाची बातमी दुपारीच लिहायची. कारण पाकीट मुंबईच्या गाडीच्या गार्डकडे द्यावं लागे, ती गाडी चारला सुटे, आणि उशीर झाला की बातमी दोन दिवसांनी शिळी होऊन छापून येई. म्हणून ‘काल येथे कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडला’ असं आम्ही कार्यक्रम सुरू होण्याआधी लिहीत असू. अध्यक्ष मध्येच वारला नाही तर सगळं खरं ठरे.

त्या रविवारी हिरू सकाळीच शाळेत गेली होती. मी दुपारी तीनला कर्जत स्टेशनच्या बाकावर बसून बातमी लिहिली. ‘सौ. हिराबाई यांनी एका ग्रीक दंतकथेचे प्रभावी सादरीकरण केले.’ इथपर्यंत ठीक. मग डोक्यात तो पाट आला. ती कोणाला तरी लपवते आहे, चार दिवस मी हेच चघळत होतो. आता तिचं गुपित मीच छापतो, बघू चेहरा कसा होतो. मी लिहिलं, ‘नावाड्याची भूमिका श्री. बुधाजी भोईर यांनी केली. त्यांच्या अभिनयाने महिलावर्ग विशेष प्रभावित झाला.’

बुधाजी भोईर नावाचा कोणी माझ्या ओळखीचा नव्हता. नाव बाकावर बसल्या बसल्या आलं. इथे दर पाचवं घर भोईरांचं. शेवटच्या वाक्याने मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. कागद दुमडला, पाकिटाला खळ लावली, गार्डच्या हातात दिलं. त्या मजकुरावर माझ्याशिवाय कोणाची नजर पडली नाही.

आणि मी कार्यक्रमाला गेलो नाही. खोपोलीला काम आहे असं सांगून आलो होतो. काम नव्हतं. मी खोपोलीची शटल पकडली.

६

साडेसातला कर्जतला परतलो. घराला कुलूप. किल्ली शेजारच्या गोदूबाईंकडे होती. त्या कार्यक्रमाला जाऊन आल्या होत्या आणि अजून रंगात होत्या.

‘तुमी नाय आलात? चुकलात हो. काय ते काम. आणि तो बुधाजी! कुठून आणला गं बाई असला?’

मी किल्लीकडे केलेला हात मागे घेतला.

‘कोण बुधाजी?’

‘नावाडी. पंचविशीचा आसंल. हिरूबाईंनी शेवटी हाक मारली ना, बुधाजी, चल म्हणून. मंग तो पाटावरनं उठला.’

‘पाटावर कधी येऊन बसला?’

गोदूबाईंनी पदर सारखा केला. ‘आधीपासनंच बसलेला की. नव्हता का?’

मी वाचनालयात सखाकडे धावलो. चिटणीस घामाघूम होऊन कार्यक्रमाचा जमखाना गुंडाळत होता. त्यालाही नाव बुधाजीच आठवत होतं. पण त्याच्या मते माणूस साठीचा, पिकल्या मिशांचा.

‘तू कार्यक्रम बसवलास ना? हा कुठून आला?’

‘मला वाटलं तुमी धाडला. तुमची बातमीवाल्यांची ओळखपाळख.’

‘हिरू कुठे आहे?’

‘होडीतनं गेली ना. शेवट तसाच होता म्हनं. आमी टाळ्या वाजवल्या. मंग थांबलो अर्धा तास, येईल म्हणून. म्हटलं, पलीकडनं सासुरवाडीला गेली आसंल तुमच्या.’

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस मी बावीस जणांना विचारलं. बायका त्याला तरुण म्हणत, पुरुष म्हातारा. बाकी सगळं जुळत होतं. डावखुरा. उजव्या कानामागे खूण. बोलण्याआधी थोडं हसला. आणि बावीसच्या बावीस जणांनी, अंक यायच्या आधी त्याच रात्री भेटलेल्यांनीही, तेच नाव सांगितलं, जे मी त्या दुपारी तीन वाजता एका बाकावर बसून रचलं होतं आणि जे छापून यायला अजून रात्र जायची होती.

मी स्वतःशी वाद घातला. तिने बातमी वाचली असेल. कुठे? ती सकाळपासून शाळेत. मी आधी नाव घरी बोललो असेन. ते आधी मला सुचलंच नव्हतं. ऐंशी माणसं मिळून खोटं बोलत असतील. या गावात दोन माणसांचं एका बांधावर एकमत होत नाही.

७

सोमवारी बातमी छापून आली, एका अक्षराचा फरक न करता.

फौजदाराने अंक टेबलावर पसरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘तुमीच लिहिलंय. बुधाजी भोईर. मग आमाला कशाला विचारता कोण म्हणून?’

‘ते नाव मी बनवलं.’

‘म्हंजे खोटी बातमी छापली?’

मी अंक त्याच्याकडे परत सरकवला. हो म्हणालो असतो तर माझी वार्ताहरकी त्या टेबलावरच संपली असती. आधीच्या साऱ्या बातम्याही संशयात गेल्या असत्या, त्यात त्याच्याच खात्याच्या लाचखोरीच्या दोन होत्या. तो हे ओळखून होता. हसला. तालुक्यात तीन बुधाजी भोईर निघाले. एक पाळण्यात होता, एकाला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, एक एकोणपन्नास साली वारला होता. फौजदाराने लिहिलं, पतीच्याच वृत्तानुसार सदर इसमाबरोबर गेली. माझं वाक्य त्याने पुरावा म्हणून लावलं. आजही ते कात्रण त्या कागदांना टाचलेलं आहे.

त्याच दिवशी मी नदीवर गेलो. शाळेखालच्या उतारावर पोशा भेटला. पूल व्हायच्या आधी तिथली तर, म्हणजे उतारूंची होडी, तो चालवायचा. सत्तरी ओलांडली होती.

‘इथे होडी कोणाची आहे?’

‘होडी? साहेब, माझी होडी अठ्ठावन साली सरपणाला गेली. या काठाला दुसरी नाय.’

‘रविवारी इथून होडी गेली. ऐंशी जणांनी पाहिली.’

पोशाने पाण्याकडे बोट केलं. दुपार होती, वीजघरातून पाणी सुटलेलं, नदी चांगली भरून चालली होती.

‘आज सोमवार हाय. रईवारी मुंबईच्या गिरण्या बंद. वीज कोनाला नको, मंग पानी सोडत नाय. रईवारी संध्याकाळी हितं म्हशी बसत न्हाईत, अंग भिजत नाय म्हणून. त्यात होडी?’

‘म्हणजे ते सगळे खोटं बोलतात?’

‘मी कुठं म्हनलो? माझी सून बी होती तिथं. तिनं बी पायली.’ त्याने पाण्यात एक गोटा टाकला. ‘तिला म्या इचारलं, नावाडी वल्हं कोन्या हातानं मारत व्हता. ती म्हनली डाव्या. मंग म्या पुढं इचारलं नाय.’

‘का?’

‘माझ्या आज्याचा बी डावा हात चालायचा. तो या घाटावर मेला. आता तुमी जावा, साहेब.’

कडावला सासूबाई मोतीबाई अंगणात बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला बघून उठल्याही नाहीत.

‘माझी पोर कुठं हाय?’

‘मी शोधतोय, आई.’

‘तू बातमी लिवलीस ना? मंग तुला ठावं आसंल. पुढं काय झालं ते बी लिव. तू लिवलंस तसं व्हतं ना? मंग लिव, ती घरी आली म्हणून.’

त्या रात्री मी ते लिहिलं. ‘सौ. हिराबाई सुखरूप परतल्या.’ तारीख घातली, खाली माझं नाव घातलं. नंतरही लिहिलं, पुष्कळदा. त्याने काही झालं नाही.

८

आता जे बावीस वर्षं कोणाला सांगितलं नाही ते.

त्या रविवारी मी खोपोलीजवळ शीळफाट्याला कमळ्याच्या चहाच्या हॉटेलात होतो. मागच्या बाकड्यावर, जिथून खाली पाताळगंगा दिसते. समोर तिसरा चहा निवत होता. आता ती वाचत असेल, आता सखा माना डोलावत असेल, असं मनाशी चाललं होतं.

कमळ्या कपबशी उचलायला आला आणि तसाच उभा राहिला.

‘साहेब, हितं होडी कशी आली वो?’

मी खाली पाहिलं. त्याही नदीला वीजघराचंच पाणी, म्हणून रविवारी तीही आटलेली. गोटे उघडे पडले होते. त्या गोट्यांवरून एक अरुंद होडी चालली होती, आवाज न करता, जशी भरल्या पाण्यावरून जाते. नावाड्याची पाठ माझ्याकडे होती. वल्हं डाव्या हातात. पाठ कधी तरुण वाटे, कधी वाकलेली. तेलाने चमकत होती.

त्याच्यासमोर जांभळं पातळ नेसलेली बाई बसली होती. सकाळी ते पातळ मीच दांडीवरून काढून दिलं होतं.

ती बोलत होती. ऐकू येत नव्हतं, पण हात हलत होते, तिला फार काही सांगायचं असलं की हलतात तसे. माझ्यासमोर ते हात हललेले मला आठवेनात. मग तिने वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. बाजारात अनोळखी माणसाकडे नजर जाते आणि पुढे सरकते, तशी तिची नजर पुढे सरकली.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. हाताच्या अंतरावर नव्हती, पण हाकेच्या होती. मी मारली नाही. हाक मारल्यावरही ती वळली नाही तर, आणि कमळ्या बघत होता. तेवढ्यासाठी.

होडी वळणाआड गेली. ‘ओळखीची बाई हाय का?’ कमळ्याने विचारलं. मी नाही म्हणालो. मग सवयीने वही काढून वेळ लिहिली. ती वही माझ्याकडे आहे. सहा वाजून दहा मिनिटं.

कमळ्या एकाहत्तर साली वारला. त्याने जे पाहिलं ते त्याच्या भावालाही सांगितलं होतं, तो अजून हॉटेल चालवतो, विचारून घ्यावं. पेज उल्हासला मिळते आणि उल्हास वसईच्या खाडीला. पाताळगंगा जाते धरमतरला. मधे डोंगराची रांग आहे. दोन्ही नद्यांचे जिल्हा नकाशे मी आता, बावीस वर्षांनी, फौजदाराला, मामलेदाराला, पाटबंधारे खात्याला पाठवले आणि सोबत एवढंच लिहिलं. सहा वाजता कडावजवळ पेज नदीत सुटलेली होडी दहा मिनिटांत शीळफाट्याला पोचली, आणि या दोन नद्या कुठेही एकमेकींना मिळत नाहीत.